ट्रोपोनिन टेस्ट: एक आकडा पुरेसा का नाही?

छातीत दुखतंय म्हणून पेशंट इमर्जन्सीत आला, की १० मिनिटांत ईसीजी काढायचा असतो. तो नॉर्मल आला तरी हार्ट अटॅक नाहीच, असं म्हणता येत नाही. मग रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या पेशींना इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. जुन्या टेस्टमध्ये दुसऱ्या नमुन्यासाठी कित्येक तास थांबावं लागायचं. आता हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्ट असेल तर युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२३ च्या गाइडलाइन्स एक किंवा दोन तासांनीच दुसरा नमुना घ्यायला सांगतात. पण किडनीच्या जुन्या आजारातही ट्रोपोनिन वाढलेलं असतं. म्हणून दोन आकड्यांतला फरक बघायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर एका रीडिंगवर निर्णय नको, ट्रेंड बघा. आणि दुखणं नुकतंच सुरू झालं असेल, तर पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून लगेच घरी निघू नका.