दौंडला इंजिन उलटं लागायचं

माझा पुतण्या कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो घरी आला आणि चहाच्या कपाशेजारी त्यानं एक कागद ठेवला. कागदावर एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं. काय आवडतं, काय जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात. चारही जिथं एकमेकांवर चढतात तिथं मधोमध लिहिलेलं, इकिगाई. कंपनीत कोणी साहेब व्याख्यानाला आले होते, त्यांनी वाटलेला कागद. ‘नाना, तुम्ही भरून बघा,’ म्हणाला. ‘जपानी लोक ह्याच्यामुळं शंभर शंभर वर्षं जगतात.’

बसलो भरायला. मी दौंड जंक्शनला पस्तीस वर्षं पॉइंट्समन होतो. काय आवडतं? इंजिन लावणं. काय जमतं? इंजिन लावणं. पैसे? २०१९ पर्यंत त्याचेच मिळाले, आता पेन्शन. जगाला गरज? इथं पेन अडलं.

पुण्याहून मनमाडकडं गेलेल्यांना ठाऊक असेल. झेलम असो, गोवा एक्स्प्रेस असो की आझाद हिंद, दौंडला आली की गाडीची दिशा फिरायची. पुढचं इंजिन काढून शेपटीला लावायचं. तेवढ्यात प्रवासी उतरून वडापाव घेत, आणि एखादं पोर आईला विचारी, ‘आपण परत पुण्याला चाललो का?’ मी तेव्हा रुळांत असायचो. इंजिन मुंगीच्या पावलानं मागं येतं. बफर टेकले की हाताची खूण करून ते थांबवायचं. मग वाकून मधे शिरायचं, कपलिंगचा जड दुवा उचलून हुकात टाकायचा, स्क्रू आवळायचा, होजपाइप जोडायचा आणि कॉक उघडायचा. हवा सूं करून आत शिरते. गळतीचा आवाज वेगळा असतो, बारीक आणि फुसका. तो ऐकू आला की पुन्हा वाकायचं. थंडीत लोखंड हाताला चावतं. तरी सांगतो, त्या ‘सूं’सारखं समाधान मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

आता कॉर्ड लाईन झाली. बऱ्याच गाड्या दौंड स्टेशनात न शिरता बाहेरूनच वळतात. म्हणजे जगाची गरज संपली, पगारही संपला. चारांतली दोन वर्तुळं गळाली. कागदाच्या हिशेबानं माझं इकिगाई शून्य.

राग आला म्हणून शोध घेतला. नातीनं मोबाइलवर खणून काढलं की ही वर्तुळं जपानी नाहीतच. आंद्रेस सुसुनागा नावाच्या एका स्पॅनिश ज्योतिषानं ती काढली होती, आणि मधे शब्द होता ‘उद्देश’. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या इंग्रज गृहस्थानं तो खोडून तिथं इकिगाई बसवला. म्हणजे पत्रिका मांडणाऱ्याचं चित्र आणि त्यावर जपानी पाटी. तेच आता कारखान्याकारखान्यांत फिरतंय.

मग पुतण्यानं इकिगाईवरचं पुस्तकच आणून दिलं, गार्सिया आणि मिराइयेस यांचं. मराठीत आहे, रेल्वेच्या स्टॉलवरसुद्धा दिसतं. लेखक ओकिनावा बेटावरच्या ओगिमी गावात जाऊन म्हाताऱ्यांशी बोलले. म्हातारी माणसं परसात भाजी लावतात, एकमेकांकडं जातात आणि ‘मोआई’ चालवतात. हे मोआई म्हणजे मुळात दरमहा पैसे जमवून एकेकाला द्यायचे. माझ्या बायकोनं वाचलं आणि म्हणाली, ‘अहो, ही तर भिशी!’ आमच्या जुन्या क्वार्टर्समधल्या बायकांची भिशी अजून चालू आहे. दोघी गेल्या, एक पुण्याला लेकाकडं गेली. ती दर महिन्याला डेमू गाडीनं येते आणि पैशापेक्षा गप्पांचाच हिशेब जास्त होतो.

पण खरी गोष्ट मला वेगळ्याच नावाजवळ सापडली. मिएको कामिया. १९१४ साली ओकायामात जन्मलेली डॉक्टर. हे तेच ओकायामा, ज्याच्या नावानं पुण्यात सिंहगड रस्त्यावर मैत्री उद्यान केलंय. आपण त्याला पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतो आणि तळ्यातले मासे बघून परत येतो. त्याच ओकायामा प्रांतात नागाशिमा बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत होती. कायद्यानं ही माणसं घरादारापासून तोडलेली होती, आणि तो कायदा पार १९९६ साली रद्द झाला. कामियाबाई तिथं मनोविकारांच्या डॉक्टर म्हणून काम करत. त्यांना दिसलं की एकाच बेटावर, एकाच रोगात, काहींना दिवस खायला उठतो आणि काहींचं जगणं भरलेलं असतं. आजार सौम्य असला म्हणजे मन सुखी असतं असंही नव्हतं. ह्या निरीक्षणातून १९६६ साली त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक आलं. त्या बेटावर कोणती आवडीची नोकरी आणि कसला पगार? सगळं हिरावलेल्या माणसाकडं सकाळी उठायला काय उरतं, हा बाईंचा प्रश्न होता. आपण त्याचा नोकरी शोधायचा तक्ता केला.

हा प्रश्न आमच्या तालुक्याला नवा नाही. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना रमाबाई जपानात थांबल्या होत्या, तिथं त्यांनी व्याख्यानंही दिली. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो विधवा आणि पोरक्या मुली आणल्या, त्या ह्याच केडगावच्या माळावर. त्यांना कोणी ‘तुला काय आवडतं’ असा कागद दिला नसणार. शेत दिलं, माग दिला, तेलाचा घाणा दिला, पुढं छापखान्यात खिळे जुळवायला दिले. खुद्द रमाबाईंचे आईबाप दुष्काळात गेले, दीड-दोन वर्षांच्या संसारानंतर नवरा गेला, शेवटी १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमाही गेली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये केडगावातच वारल्या, तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालूच होतं. धर्मावरून त्यांच्याशी भांडलेली माणसं पुष्कळ होती. ते भांडण मी उकरत नाही. मी फक्त खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांचा विचार करतो.

आता थोडं कडू बोलतो. ज्या देशानं इकिगाई दिला त्यानंच ‘करोशी’ हा शब्दही दिलाय. अर्थ, कामाच्या ओझ्यानं मरणं. तो कुठल्या व्याख्यानात ऐकलाय? माझ्या पुतण्याच्या ठेकेदारानं दोन महिन्यांचा ओव्हरटाइम थकवलाय आणि पोरं जीवनाचा उद्देश भरत बसलीत. माणसाला कामात गोडी वाटते म्हणून त्याच्या मजुरीला कात्री लावायची, ही लबाडी कुठल्याही भाषेत लबाडीच. मी आयुष्यभर युनियनची पावती फाडलीय. माझं कपलिंगवर प्रेम होतं आणि नाइट अलाउन्ससाठी मी भांडलोही. दोन्हीत मला कधी विरोध दिसला नाही.

जपान्यांचं मला पटलेलं दुसरंच आहे. त्यांचे रेल्वेवाले सिग्नलकडं बोट दाखवून तो मोठ्यानं उच्चारतात. एकटे असले तरी. त्यांच्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात प्रयोग केला, त्यात बोट आणि बोल दोन्ही वापरल्यावर चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडंही ड्रायव्हर आणि असिस्टंट सिग्नल ओरडून सांगतात. हे तत्त्वज्ञान आहे की नाही ते विद्वानांनी ठरवावं. मी माझ्यापुरतं सांगतो. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष मी रात्री तीनला भोंगा ऐकून उठायचो, चपला घालायचो आणि दारात उभा राहायचो. त्या वर्षी कुठलं पुस्तक कामाला आलं नसतं.

सून पुण्याला नोकरीला जायला लागली आणि ते थांबलं. पहाटे चारला मी उठतो, चहा टाकतो, बायको डबा भरते. मग स्कूटरवर तिला स्टेशनला सोडायचं. निघताना गॅस बंद, दार बंद, पास घेतला, हे मी बोट दाखवून मोठ्यानं बोलतो. सून आधी हसायची. आता पास हातात धरून तीच म्हणते, ‘पास, ऑल राइट, बाबा.’ एकदा मी बोललो नाही आणि त्याच दिवशी डबा ओट्यावर राहिला.

गाडी सुटल्यावर मी जरा रेंगाळतो. यार्डात कुठंतरी इंजिन लागत असतं, आणि नवा पोरगा हाताची खूण करायला अंमळ उशीर करतो.

पुतण्याचा तो कागद टाकलेला नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर दुधाचा हिशेब लिहितो.