आरोग्यविचार : प्याला आणि गोळी

बारामती व इंदापूर हे तालुके म्हणजे उंसाचें माहेरघर. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचें गळीत सुरू झालें कीं परजिल्ह्यांतील तोडणी-मजुरांचे तळ पडतात, मालमोटारींची वर्दळ वाढते. घरापासून दूर, श्रमानें थकलेल्या माणसास दारू जवळची वाटते, आणि एच.आय.व्ही.च्या विषाणूसही अशा जीवनक्रमांत शिरकाव सुलभ होतो. ज्याच्या वाट्यास दोन्ही संकटें आलीं, त्याच्याविषयीं आज आम्ही लिहीत आहों. "हा विषय आमच्या घरांतला नव्हे," असें कित्येक वाचक म्हणतील. आम्हांस तें मान्य नाहीं. विषाणू कुळगोत्र विचारीत नाहीं, आणि प्यालाही सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत केव्हांच येऊन बसला आहे.

१ एप्रिल २००४ पासून सरकारनें या रोगावरील औषधें विनामूल्य देण्यास आरंभ केला. आज बहुतेक रोग्यांस दिवसाकाठीं एक गोळी पुरते. ती नेमानें घेतल्यास रक्तांतील विषाणू तपासणींत सांपडूं नयेत इतके घटतात. आणि ही स्थिति टिकली तर शरीरसंबंधानें जोडीदारास रोग होत नाहीं, हें सिद्ध झालें आहे. या नेमावरच मद्य घाला घालतें. प्यालेल्यास वेळेचें भान राहत नाहीं. शिवाय यकृत दुबळें होतें, आणि क्षयाचीं औषधें चालू असल्यास त्यास अधिकच इजा पोंचते.

याहून घातक एक समजूत आहे. "दारूवर गोळी घेतली तर विष होतें," असें मानून कित्येक जण प्याल्या दिवशीं गोळीच टाळतात. वारंवार असें झालें कीं विषाणू औषधास जुमानीनासा होतो. दारू सोडणें उत्तम, यांत शंका नाहीं. परंतु ज्याची ती अद्याप सुटली नाहीं, त्यानें प्याल्या दिवशींही गोळी चुकवूं नये, आणि डॉक्टरांस खरें तें सांगावें.

तें सांगण्याचें धैर्य त्यास घरांतून मिळालें पाहिजे. बोलणीं खाणारा मनुष्य बाटलीही लपवितो आणि गोळीही. व्यसन हाही रोगच. त्यावर उपचार करणारें 'मुक्तांगण' पुण्यांत १९८६ पासून आहे. विश्वासानें कळलेलें रोग्याचें गुपित संमतीवांचून फोडण्यास, तसेंच या कारणावरून नोकरास काढून टाकण्यास, २०१७ च्या कायद्यानें बंदी केली आहे. आपल्या घरचा वाहनचालक वा आप्त या संकटांत असेल, तर गृहिणींनीं रोज एवढेंच विचारावें : "गोळी घेतली ना?"