निवेदक नावाचा समीक्षक

मराठी माणसाच्या अभिरुचीचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथांची, नियतकालिकांची, नगरवाचनालयांची, नाट्यगृहांची आणि फार तर एखाद्या व्यासंगी मास्तरांची दखल घेतो. आकाशवाणीच्या निवेदकाची मात्र घेत नाही. ही केवळ अनवधानाची चूक नव्हे. आपल्या समीक्षेने ‘लिहिलेले तेच साहित्य आणि छापलेली तीच समीक्षा’ असे गृहीत धरल्याचा तो परिणाम आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या बहुसंख्य लोकांना गाणे ऐकायला शिकवले ते रेडिओवरच्या निवेदकांनीच, असे आमचे मत आहे. त्यांचे हे काम समीक्षेचेच होते, हे आमचे दुसरे मत. पहिले मत बहुतेकांना मान्य होईल. दुसऱ्यावर वाद व्हावा अशी इच्छा आहे.

हा प्रदेश संगीताच्या बाबतीत कोरा नव्हता, हे आधी सांगायला हवे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून नाटक आणि गाणे यांची सांगड इथे रुजलेली. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य होते आणि तंबोरे-सतारी घडवणारी घराणी आजही तिथे आहेत. साताऱ्याकडे भजनी मंडळे, गोंधळी, तमाशाचे फड. परंतु हे सारे जत्रेला, उरुसाला, उत्सवाला ऐकायचे. रोज ठरावीक वेळी, घरात, चुलीपाशी बसलेल्या बाईलाही ऐकू येईल असे गाणे आणले ते रेडिओने. आणि त्या गाण्याच्या आधी कोणीतरी दोन वाक्ये बोलत असे. आमचा विषय ती दोन वाक्ये हा आहे.

निवेदकाला ते स्थान कसे मिळाले याची कथा मोठी विलक्षण आहे आणि तिच्या मध्यभागी एक मराठी माणूस आहे. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते जाणकार; चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून ते सांगायचे नाही, या मुद्द्यावरून निर्मात्यांशी तंटा झाला. निर्मात्यांनी परवाने काढून घेतले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीत जवळपास नाहीसे झाले. श्रोते मात्र नाहीसे झाले नाहीत. ते लघुलहरींवर सुई फिरवत कोलंबोला पोहोचले. रेडिओ सिलोनवर १९५२ च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी हे नाव कऱ्हाड-तासगावच्या बाजारपेठेतल्या दुकानांतही घरचे झाले.

केसकर आणि सयानी ही आम्हांला अभिरुचीघडणीची दोन प्रतिमाने वाटतात. केसकरांना रसिक घडवायचा होता, पण दार बंद करून. सयानींनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. आधी बहिणींना आणि मग भावांना संबोधणारी त्यांची ती प्रसिद्ध साद ही सभाशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे. सार्वजनिक सभेत क्वचितच बसलेल्या स्त्रीला त्या सादेने श्रोत्यांत पहिली जागा दिली. त्यांच्या भाषेविषयीही सांगायला हवे. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ हे नियतकालिक चालवीत. गांधीजींना अभिप्रेत असलेल्या सोप्या हिंदुस्थानीचा प्रसार हा त्यामागचा हेतू होता आणि अमीन लहानपणापासून त्या कामात हातभार लावीत. संस्कृत किंवा फारसी यांपैकी कशाच्याही ओझ्याखाली न वाकलेली हिंदी आमच्या भागात आली ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, या आवाजातून. हिंदीचे प्राध्यापक मित्र रागावणार नाहीत अशी आशा आहे.

मात्र केसकरांना खलनायक ठरवून मोकळे होणे बरोबर नाही. चित्रपटगीताला पर्याय हवा म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीने सुगम संगीताला बळ दिले, आणि मराठी भावगीताला त्याचा मोठा लाभ झाला. भावगीत त्याआधीच जन्मले होते. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी आणि त्यांच्यामागून गजानन वाटवे यांनी ते ध्वनिमुद्रिकेतून आणि मैफलीतून घरोघर नेले होते. पण कवी, संगीतकार आणि गायक यांना नियमितपणे एकत्र बसवणारी संस्था आकाशवाणी झाली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून वर्षभर ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचा स्वर. पुढे मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’मधून पाडगावकर, श्रीनिवास खळे, यशवंत देव, अरुण दाते ही नावे श्रोत्यांपर्यंत गेली. ज्या धोरणाने एक दार बंद केले त्यानेच दुसरे उघडले. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही, हे विद्यार्थ्यांना शिकवताना आम्ही हे उदाहरण आवर्जून देतो.

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. तोवर पुणे-मुंबईकडून येणारा आवाज आता कृष्णाकाठावरून येऊ लागला, आणि इथेच निवेदकाचे दुसरे, आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे रूप दिसते. सयानी रंगतदार होते. सांगलीचा निवेदक संयमी होता. गीताचे नाव, गीतकार, संगीतकार, गायक, बस्स. पण हा क्रम पाहा. गीतकार पहिला! काव्यसंग्रह कधी हातात न धरलेल्या शेतकऱ्याला शांता शेळके, जगदीश खेबुडकर, सुधीर मोघे ही नावे माहीत होती ती या क्रमामुळे. आमच्या वर्गात आज एखादे भावगीत लावले तर गायकाचे नाव मुले चटकन सांगतात, संगीतकाराचे थोडा विचार करून. कवीचे नाव विचारले की वर्ग शांत होतो. मोबाइलच्या पडद्यावर गाण्याखाली गायकाचे नाव असते, चित्र असते, कवी बहुधा नसतो. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी ते नाव रोज सांगितलेले नाही.

पी. सावळाराम यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचा हा कवी. त्यांची गीते लता मंगेशकरांपासून अनेकांनी गायिली आणि लग्नघरांत, माहेरवाशिणींच्या ओठांवर ती कायमची राहिली. आमच्या साहित्येतिहासांत मात्र त्यांच्या वाट्याला जेमतेम ओळ येते. ‘गीतकार’ म्हटले की कवी नव्हे, असा आपला एक अलिखित नियम आहे. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, म्हणजे त्याच जिल्ह्याचे. त्यांनाही या नियमाचा जाच झालाच, परंतु ‘गीतरामायणा’ने त्यांना वाचवले. सावळारामांना वाचवले ते निवेदकांनी. समीक्षकाने जे नाव गाळले ते निवेदक वर्षानुवर्षे उच्चारत राहिला. हे मूल्यमापन नव्हे, तर मग काय?

साताऱ्याच्या बाजूने पाहिले तर विविध भारतीची आठवण अपरिहार्य आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ही सेवा सुरू झाली. सिलोनने पळवलेला श्रोता परत आणणे हा तिचा उघड हेतू. तिचा ‘जयमाला’ हा सैनिकांसाठीचा कार्यक्रम. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या घरटी कोणी ना कोणी पलटणीत आहे, तिथे तो कसा ऐकला जात असेल हे वेगळे सांगायला नको. सीमेवरचा मुलगा आणि इकडे त्याची आई एकाच वेळी एकच गाणे ऐकत आहेत, ही जाणीव त्या गाण्याच्या अर्थात भर घालते. साहित्यशास्त्रात आपण ‘सहृदय’ हा शब्द वापरतो. दोन सहृदयांमध्ये हजार मैलांचे अंतर असताना त्यांना एका क्षणात आणणाऱ्याला काय म्हणायचे, याचा विचार शास्त्राने केलेला नाही.

आणि ‘छायागीत’. रात्री दहाचा हा कार्यक्रम आमच्या मते आकाशवाणीने निर्माण केलेला सर्वांत साहित्यिक प्रकार. इथे निवेदक फर्माइश पुरवत नाही. एक भावस्थिती निवडतो, तिला साजेशी पाच-सहा गाणी शोधतो आणि मधल्या वाक्यांनी ती ओवतो. कमल शर्मा, युनूस खान, ममता सिंह यांच्यासारख्या निवेदकांनी तो आपापल्या रीतीने केला. कोणाचा कल पावसाकडे, कोणाचा विरहाकडे, कोणाचा एखाद्या उपेक्षित गीतकाराकडे. आम्ही रेडिओच्या उतरत्या काळात वाढलो. गीतमाला सिलोनवरून विविध भारतीवर आली तो १९८९ चा काळ आमच्या शाळेचा. त्यामुळे सयानींचे ऐन भरातले दिवस आम्हांला थोरांकडून कळले. पण ‘छायागीत’ आमचे स्वतःचे. संकलन हीसुद्धा एक निर्मिती असते, दोन रचना शेजारी ठेवल्या की दोन्हींचा अर्थ बदलतो, हे आम्हांला एम.ए.च्या वर्गात सांगितले गेले तेव्हा ते आधीच ठाऊक होते.

आपल्याकडेच हे घडले असे नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात डब्ल्यूडीआयए या केंद्राने १९४८ मध्ये नॅट डी. विल्यम्स यांना ध्वनिक्षेपकासमोर बसवले. ते कृष्णवर्णीयांच्या शाळेत इतिहास शिकवणारे शिक्षक आणि वृत्तपत्रातले स्तंभलेखक होते. ‘सोल’ म्हणून पुढे जगभर गेलेल्या संगीताचा श्रोता अशा तबकड्या वाजवणाऱ्या निवेदकांनी घडवला. रुफस थॉमस तर त्याच केंद्रावर निवेदन करीत आणि स्वतः गातही. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अटलांटा येथे कृष्णवर्णीय निवेदकांच्या मेळाव्यात मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केले आणि चळवळीतला त्यांचा वाटा जाहीरपणे मान्य केला. तिकडच्या विद्यापीठांत या माणसांवर ग्रंथ आहेत. इकडे आम्ही अजून त्यांच्या नावांची यादीही केलेली नाही.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. गीतमालेने गाण्यांना ‘पायदान’ दिले, म्हणजे रसग्रहणाची शर्यत केली. आजच्या गुणांच्या आणि मतांच्या स्पर्धांचे मूळ तिथेही शोधता येईल. सरकारी निवेदनात एक प्रकारचा सोवळेपणा होता. तमाशातली लावणी चित्रपटातून चाळून आली की चाले, फडावरची बहुधा चालत नसे. प्रमाण मराठीचा आग्रह असा की, माणदेशी बोली शेतीविषयक कार्यक्रमातल्या संवादांत दिसे, गाण्याच्या निवेदनात नाही. म्हणूनच म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’ने २००८ पासून केलेले काम आम्हांला मोलाचे वाटते. तिथे बाया आपल्याच बोलीत बोलतात आणि जात्यावरची ओवी ही ‘लोकसाहित्य’ या कप्प्यातून निघून पुन्हा ऐकण्याची गोष्ट होते. जत तालुक्यातल्या जालिहाळची ‘येरळावाणी’ही याच वाटेवरची.

निवेदकाची भाषा हे आमच्या अभ्यासक्रमांना सर्वस्वी अपरिचित आहे असेही नाही. ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ असा घटक आता अनेक ठिकाणी असतो. पण तो असतो ‘उपयोजित मराठी’त, अर्जलेखन आणि जाहिरातलेखन यांच्या शेजारी, कौशल्य म्हणून, गुणांसाठी आणि नोकरीसाठी. आमचे म्हणणे असे की, तो समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत हवा. बा. सी. मर्ढेकर (मूळ गाव सातारा जिल्ह्यातले मर्ढे) आकाशवाणीत नोकरी करीत होते, त्यांनी तिच्यासाठी संगीतिका लिहिल्या, आणि त्याच काळात सौंदर्यशास्त्राची मांडणीही केली. व्यंकटेश माडगूळकरांची कित्येक वर्षे पुणे केंद्रावर गेली. या नोकऱ्यांचा उल्लेख आपण चरित्रात एका ओळीत उरकतो. ध्वनिक्षेपकाने त्यांच्या वाक्याचे काय केले, हे विचारत नाही.

विचारायचे तर आता विचारावे लागेल. गाणी टिकली, कारण ती तबकडीवर आणि फितीवर होती. मधली वाक्ये थेट बोलली गेली आणि हवेत गेली. सयानींनी पुढे ‘गीतमाला की छाँव में’ या संचांसाठी आपले निवेदन पुन्हा ध्वनिमुद्रित केले, म्हणून त्यांचे काही उरले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी रकाने भरले. सांगलीसारख्या केंद्रावरच्या निवेदकांना असे संच कोण काढणार? त्यांच्यातले पुष्कळ जण नैमित्तिक, म्हणजे पाळीवर मानधन घेणारे. केंद्राच्या अभिलेखात कायम नोकराइतकीही त्यांची खूण राहत नाही. लहान केंद्रांचे स्वतःचे कार्यक्रम कमी करून राज्यभर एकच सहक्षेपण करण्याकडे अलीकडे कल आहे. २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा ओरड झाली आणि तो थांबला. संगीताच्या निवेदनासाठी कोणी ओरडेल असे आम्हांला वाटत नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात दरवर्षी मराठीचे कितीतरी प्रबंध आणि लघुप्रबंध लिहिले जातात. ग्रामीण कादंबरीवर आणखी एक लिहिण्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रक घेऊन निवृत्त निवेदकांच्या घरी जावे. त्यांच्याकडे जुनी क्यू शीट असतील, हस्ताक्षरातले निवेदनाचे कागद असतील, फर्माइशीची पोस्टकार्डे असतील. पलूसहून, फलटणहून, कवठे महांकाळहून आलेली ती कार्डे आधी मागावीत. त्यांवर गाण्याचे नाव कसे लिहिले आहे, आणि त्यापुढे कवीचे नाव आहे की नाही, हे तपासून पाहावे.