बाहुलीघर राज्याच्या वेशीवर

प्रभादेवीच्या एखाद्या चाळीत राहणाऱ्या आणि सुतारकामात हात असलेल्या गृहस्थाने लाकडाचे बाहुलीघर तयार केले आणि ते इंटरनेटवरील एखाद्या बाजारपेठेत दोन हजार रुपयांस विक्रीला ठेवले, असे समजू या. गिऱ्हाईक गडचिरोलीचे निघाले तर व्यवहार सरळ आहे. वर्षाची एकूण विक्री ४० लाख रुपयांच्या आत असली, तर वस्तू व सेवा कराच्या कायद्याखाली त्याला नोंदणी करावी लागत नाही; आपला पॅन व पत्ता कळवून एक क्रमांक तेवढा घेतला की पुरे. गिऱ्हाईक बेळगावचे, पणजीचे किंवा वापीचे निघाले, तर मात्र विकणारा तोच, बाहुलीघर तेच आणि किंमतही तीच असूनही कायदा आपली मुद्रा पालटतो. परराज्यात माल विकणाऱ्याला कायद्याच्या २४व्या कलमाने पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची केली आहे. गडचिरोली प्रभादेवीपासून नऊशे किलोमीटरांच्या आसपास आहे, तर वापी दोनशेच्या आत. तेव्हा प्रश्न अंतराचा नाही, वेशीचा आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर करावयास हवा. घरातील मूल मोठे झाले, जागा अपुरी पडू लागली, म्हणून वापरलेले बाहुलीघर कोणी विकून टाकले, तर त्यावर हा कर लागत नाही. कर आहे तो व्यवसाय म्हणून केलेल्या विक्रीवर. घरातील जुने दागिने सराफाला विकणाऱ्या सामान्य माणसाला हा कर द्यावा लागणार नाही, असा खुलासा सरकारने जुलै २०१७ मध्येच केला होता. त्यामागील तत्त्व हेच आहे. म्हणजे अडचण आहे ती जुनी वस्तू काढून टाकणाऱ्याची नव्हे, नवी वस्तू घडवून तिच्यावर पोट भरू पाहणाऱ्याची.

आणि ही अडचण कराच्या ओझ्याचीही नाही. खेळण्यांवरील १२ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. दोन हजारांच्या बाहुलीघरावर तो शंभर रुपये होतो, आणि हे शंभर रुपये गिऱ्हाईकच देतो. ओझे आहे ते नोंदणीचे. व्यवसायाच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. जागा स्वतःची नसेल तर भाडेकरार किंवा मालकाचे संमतीपत्र लागते. पागडीच्या खोलीत दोन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला घरमालकाकडून असे पत्र मिळविणे किती सोपे असते, हे गिरणगावात कोणाला सांगावयास नको. त्यानंतर ठराविक मुदतीने विवरणपत्रे भरावयाची; चुकल्यास दिवसाला ५० रुपये आणि त्या काळात एकही विक्री झाली नसली तरी दिवसाला २० रुपये विलंबशुल्क. खेरीज बाजारपेठ चालविणारी कंपनी विक्रीच्या रकमेतून अर्धा टक्का कापून सरकारजमा करणार. तो परत पदरात पाडून घेण्यासाठी पुन्हा विवरणपत्र. महिन्याला चार बाहुलीघरे करणाऱ्याने हातातील रंधा खाली ठेवून हे सारे करावे किंवा ते करणाऱ्या सल्लागाराला फी द्यावी. तिसरा मार्ग बेळगावच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचा. पुष्कळजण तोच पत्करत असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

दूरच्या गिऱ्हाइकाला विकलेल्या मालावर कर कोणी घ्यावा, हा वाद मात्र इंटरनेटपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याच्या पहिल्या अध्यायावर मुंबईचेच नाव आहे. मुंबई राज्याच्या १९५२च्या विक्रीकर कायद्याला येथील मोटारगाड्यांच्या व्यापाऱ्यांनी आव्हान दिले. ‘मुंबई राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली असा निर्णय दिला, की ज्या राज्यात माल वापरासाठी पोहोचविला जातो त्या राज्याला त्यावर कर घेता येईल. निर्णय तर्काला धरून होता, पण त्याचे व्यवहारातील परिणाम त्रासाचे ठरले. राज्याराज्यांनी परमुलखातील व्यापाऱ्यांना नोटिसा धाडण्यास सुरुवात केली. कलकत्त्याच्या एका औषध कंपनीला बिहार सरकारने आपल्याकडे नोंदणी करून विवरणपत्रे भरण्यास फर्मावले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९५५ साली ‘बेंगॉल इम्युनिटी’ खटल्यात सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी आधीचा निर्णय फिरविला. आंतरराज्य विक्रीवर संसदेच्या संमतीवाचून कोणत्याही राज्याला कर लावता येणार नाही, असे ठरले. पुढच्याच वर्षी घटनेची सहावी दुरुस्ती झाली आणि केंद्रीय विक्रीकराचा कायदा आला.

या कायद्याने तोडगा काढला तो असा, की आंतरराज्य विक्रीवरील कर ज्या राज्यातून माल निघाला त्यानेच वसूल करून ठेवावा. विकणाऱ्याला आपल्याच राज्याच्या कचेरीशी संबंध ठेवावा लागे, ही त्यातली सोय. वस्तू वापरणारा एका राज्यात आणि त्याने दिलेला कर दुसऱ्या राज्याच्या तिजोरीत, हा त्यातला अन्याय. महाराष्ट्रासारख्या उत्पादक राज्यांना तो लाभदायक होता, बिहारसारख्यांना नव्हता. शिवाय मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिकेची जकात होतीच. दहिसर, मुलुंड, ऐरोली व मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या लागलेल्या रांगा या शहराने वर्षानुवर्षे पाहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि आंतरराज्य विक्रीवरील कर माल जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळू लागला. १९५३चे तत्त्व अशा रीतीने चौसष्ट वर्षांनी, अधिक नीटस रूपात, परत आले. कर केंद्र गोळा करते आणि ज्याचा हिस्सा त्याला पोहोचविते. प्रभादेवीच्या विक्रेत्याला कर्नाटकाच्या कचेरीत जावे लागत नाही, ही मोठीच सुधारणा आहे.

तथापि, हा हिस्सा बिनचूक पोहोचावा म्हणून प्रत्येक आंतरराज्य विक्रीची नोंद सरकारला हवीशी वाटली आणि लहान विक्रेत्याला राज्यात असलेले संरक्षण वेशीवर काढून घेतले गेले. त्यातील विसंगती सरकारच्या लक्षात आली नाही असे नव्हे. ती तुकड्यातुकड्यांनी दूर करण्याचा प्रयत्न झाला. ऑक्टोबर २०१७ पासून परराज्यात सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट मिळाली. याचा अर्थ असा, की बाहुलीघर कसे बांधावे हे प्रभादेवीत बसून बेळगावच्या विद्यार्थ्याला फी घेऊन शिकविणाऱ्यास नोंदणी नको. पण स्वतः बांधलेले बाहुलीघर त्याच विद्यार्थ्याला विकावयाचे तर ती हवी. ज्ञानाला वेस नाही आणि लाकडाला आहे, यामागे करशास्त्राचे कोणते तत्त्व आहे?

हस्तकलेच्या वस्तूंनाही २० लाखांपर्यंत सवलत आहे, आणि २०१८ साली सरकारने काढलेल्या हस्तकलांच्या यादीत सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा नावानिशी उल्लेख आहे. कोकणातील या कारागिरीची कायद्याने घेतलेली ही दखल स्वागतार्हच होय. परंतु वस्तू मुख्यतः हाताने केलेली आणि नक्षी वा सजावटीने नटलेली असावी, अशी व्याख्येतील अट आहे. प्लायवूडचे साधे, सुबक बाहुलीघर त्यात बसेल की नाही, यावर वाद होऊ शकतो. खेरीज असा माल राज्याबाहेर नेताना, त्याची किंमत कितीही थोडी असली तरी, ई-वे बिल काढावे लागते. इतर मालाला त्यासाठी पन्नास हजारांची मर्यादा आहे. इंटरनेटवरील बाजारपेठांतून विकणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळालेली सूट तर राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. सवलत एका हाताने द्यावी आणि तिच्यातील उपयोगाचा भाग दुसऱ्या हाताने काढून घ्यावा, असे हे झाले आहे.

इतर संघराज्यांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत ज्या राज्यात विक्रेत्याची जागा वा माणसे नाहीत तेथील विक्रीकर गोळा करण्याचे बंधन १९९२च्या ‘क्विल’ निर्णयाप्रमाणे त्याच्यावर नव्हते. जून २०१८ मध्ये ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन घालण्यास राज्यांना मोकळीक दिली. पण न्यायालयापुढे असलेल्या साउथ डकोटाच्या कायद्याने त्या राज्यात वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा दोनशे व्यवहार होईपर्यंत परक्या विक्रेत्याला मोकळे ठेवले होते, आणि निकालात या गोष्टीला महत्त्व दिले गेले. युरोपीय संघात तर सत्तावीस सार्वभौम राष्ट्रे आहेत. तेथेही जुलै २०२१ पासून दहा हजार युरोंपर्यंतच्या परदेशी विक्रीवर लहान विक्रेत्याला आपल्याच देशाचा कर लावून मोकळे होता येते. त्यापुढे सर्व देशांसाठी एकच विवरणपत्र पुरते. वेगवेगळ्या राष्ट्रांनी जी सवलत परस्परांच्या कारागिरांना दिली, ती एका राष्ट्रातील राज्यांनी आपल्याच माणसांना देऊ नये, हे चमत्कारिक आहे. ‘एक देश, एक कर’ ही घोषणा ज्यांनी दिली, त्यांनी तरी याचा विचार करावयास हवा.

पार्सल अडते ते कराच्या दरापेक्षा कराच्या यंत्रणेपायी, याचा दाखला २०२५ साली सर्वांनाच मिळाला. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत असलेली जकातमाफी त्या वर्षी २९ ऑगस्टपासून बंद झाली. नवी जकात कोणी आणि कशी गोळा करावयाची हे स्पष्ट नसल्यामुळे माल वाहून नेणाऱ्या कंपन्यांनी असमर्थता दर्शविली, आणि भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले घेणे थांबवावे लागले. ती सेवा १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली असताना, पूर्ववत झाली. दादर-प्रभादेवीहून न्यू जर्सीतील नातवंडांसाठी जाणारी भातुकलीची पेटी त्या दीड महिन्यात टपालाने जाऊ शकली नाही. तिच्यावर कर किती, हा प्रश्न पुढचा होता. तो घेणारा हातच ठरलेला नव्हता.

सवलतीविरुद्धचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. खोट्या नोंदण्या व बनावट बिले यांनी या करपद्धतीला पोखरले आहे, हे खरे. दादरच्या रस्त्यावर दुकानाचे भाडे भरून, नोंदणी करून खेळणी विकणारा दुकानदार विचारील, की इंटरनेटवरच्या विक्रेत्याला वेगळा न्याय का? आणि कर्नाटकात वापरल्या जाणाऱ्या वस्तूवरचा कर कर्नाटकाला मिळालाच पाहिजे. पण यांपैकी एकाही आक्षेपाचे उत्तर पहिल्या रुपयापासूनची नोंदणी हे नाही. चाळीस लाखांच्या आतील दुकानदारालाही राज्यात नोंदणीची सक्ती नाही. मागणे आहे ते त्याच मर्यादेचे. बनावट बिले फाडणारा तर नोंदणीला भीत नाही; नोंदणी हेच त्याचे भांडवल असते.

राहिला प्रश्न परराज्याच्या हिश्शाचा. बाजारपेठ चालविणारी कंपनी नोंदलेली असते, तिला गिऱ्हाइकाचा पिनकोड ठाऊक असतो आणि पैसेही तिच्याच हातून जातात. टॅक्सीचा प्रवास आणि जानेवारी २०२२ पासून हॉटेलांतून मागविलेले जेवण यांवरील कर, कायद्याच्या ९व्या कलमातील तरतुदीप्रमाणे, या कंपन्याच भरतात. ही तरतूद आज सेवांपुरती आहे. ती लहान उत्पादकांच्या मालाला लागू करण्यासाठी कायदा बदलावा लागेल, पण नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. कंपनीने शंभर रुपये कापावेत, ते बेळगावच्या खात्यावर जमा व्हावेत आणि सुताराने पुढचे बाहुलीघर हाती घ्यावे.

वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मधील बैठकीत बाजारपेठांमार्फत अनेक राज्यांत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सुलभ नोंदणीला तत्त्वतः मान्यता दिली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून मर्यादित कर भरणाऱ्यांना तीन दिवसांत नोंदणी देण्याची योजनाही आली. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण पहिल्या निर्णयाचा रोख प्रत्येक राज्यात व्यवसायाची जागा दाखविण्याच्या अडचणीकडे होता आणि दुसऱ्याचा नोंदणीच्या विलंबाकडे. ज्याला नोंदणी पेलवतच नाही, त्याला ती लवकर मिळाल्याचे समाधान ते कितीसे असणार?

गिरण्या बंद पडल्यावर प्रभादेवी-परळ-लालबागच्या शेकडो घरांनी घरबसल्या उद्योगांचा आधार घेतला. खाद्यपदार्थ, शिवणकाम, मखरे, खेळणी असे ते उद्योग होते. त्यांचे गिऱ्हाईक पूर्वी चार गल्ल्यांत असे. इंटरनेटने ते देशभर नेले, आणि ही या घरांना मिळालेली पहिलीच मोठी संधी आहे. बेळगावच्या मुलीलाही भातुकली या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहुलीघर तिच्यापर्यंत पोहोचावे एवढी रुंद वाट कायद्याने ठेवली, तर सरकारी तिजोरीचे काही बुडणार नाही.