न धावलेल्या गाडीचे मोल

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स कारची निर्मिती झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. आज त्यांतील एखादी विक्रीस निघाली, की ती जितकी कमी धावलेली तितका तिचा भाव चढतो. धावण्यासाठी घडविलेल्या यंत्राचा न धावणे हाच गुण ठरावा, हा विपर्यास होय. शिवाय तो गुणही फसवा आहे. उभ्या गाडीचे रबर कडक होते, ब्रेकचे तेल ओलावा शोषते, पत्र्याला आतून गंज चढतो. ग्राहकाने मैलांच्या आकड्याआधी देखभालीच्या नोंदी तपासणे म्हणूनच इष्ट. कारखाना १९८० साली बंद पडला. त्यातील कसब आज जगते आहे ते या गाड्या रस्त्यावर राखणाऱ्या कारागिरांच्या हातांत. कुलपात जपलेल्या गाडीला किंमत येईल; परंतु त्या हातांना काम मिळणार नाही.