गोगलगायीवर गोगलगाय

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा वापरली, त्याची नजर माणसांवरच असणार. गोगलगायीचा त्यात काय दोष? निसर्गाने तिला पाय पोटातच दिले. पण हौशी मासेपाळांच्या घरात गेल्या काही वर्षांत एक पाहुणी आली आहे. तिला मात्र ही म्हण अक्षरशः लागू पडते. दिसायला देखणी, चालीला संथ, आणि खाणे काय, तर दुसऱ्या गोगलगायी!

आमच्याकडे ती आली त्याला निमित्त झाले एका पाणरोपाचे. दिवाणखान्यात दोन फुटांची माशांची पेटी आहे. तिच्या एका कोपऱ्यात हिरवळ असावी म्हणून दुकानातून चार काड्या आणल्या. महिनाभराने आमची कन्या म्हणाली, “बाबा, काचेला तीळ चिकटलेत.” चष्मा लावून पाहिले, तर तीळ चालत होते.

हे तीळ म्हणजे ‘फायसा’ जातीच्या गोगलगायी. पानाच्या मागच्या बाजूला यांच्या अंड्यांचा पारदर्शक चिकट ठिपका असतो. विकत आणताना तो आपल्याला दिसत नाही. नर-मादी एकाच देहात असल्याने आणि प्रसंगी स्वतःच स्वतःची अंडी फळवण्याची सोय असल्याने, एक गोगलगाय पेटीत पडली तरी पुरते. दुसरी एक जात मेंढ्याच्या शिंगासारख्या वेटोळ्या शिंपल्याची. तिसरी लांब, निमुळती, दिवसभर वाळूत दडणारी. ती अंडी न घालता थेट पिल्लेच देते आणि नराशिवायही तिचे भागते.

खरे सांगायचे तर या गोगलगायी माशांचे काही वाकडे करीत नाहीत. काचेवरचे शेवाळ खातात, सडके पान खातात, तळाशी पडलेला माशांचा खाऊ खातात. पण ज्या पेटीकडे पाहून डोळे निवावेत, तिथे दोनशे ठिपके सरपटताना दिसले की गृहिणीच्या कपाळाला आठी पडते. तशी ती पडली. मी बाजारातून एक औषधाची बाटली आणली. अशा औषधांत बहुधा तांबे असते आणि तांबे गोगलगायींना विष. बाटलीवर लिहिलेले प्रमाण मी वाचले आणि ‘थोडे जास्त बरे’ या आपल्या जुन्या सवयीने थोडे जास्तच ओतले. गोगलगायी मेल्या, त्यात वाद नाही. पण मेलेल्या गोगलगायी वाळूत कुजल्या, पाणी ताकासारखे गढूळ झाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. कन्या त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

महिन्याभरात तीळ पुन्हा हजर! अंडी वाचली असावीत.

मग दुकानदाराने तोडगा काढला. “काका, या तीन घेऊन जा. पेटी आपोआप साफ होईल.” पिशवीत इंचभर लांबीच्या तीन शंखाकृती गोगलगायी होत्या. अंगावर गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे. इंग्रजीत हिला ‘असॅसिन स्नेल’ म्हणजे मारेकरी गोगलगाय म्हणतात. शास्त्रीय नाव ‘अनेंटोमे हेलेना’. माहेर थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडचे. ट्रॉयच्या युद्धाला कारण झालेल्या सुंदरीची आठवण करून देणारे नाव नकळत का होईना, पण शोभते खरे.

तिची शिकार पाहण्यासारखी असते. दिवसा ती वाळूत बुडून बसते, फक्त एक नळी वर असते. या नळीने ती पाण्यातला वास घेते. सावजाचा सुगावा लागला की वाळू बाजूला सारत निघते. धावणे वगैरे काही नाही. एक गोगलगाय दुसऱ्या गोगलगायीचा पाठलाग करते आहे हे पाहताना आपल्यालाच जांभई येते. पण पोहोचली की शिंपल्याच्या तोंडातून आपली सोंड आत घालते आणि आतला जीव सावकाश खाऊन टाकते. उरतो रिकामा शिंपला. दीड-दोन महिन्यांत आमच्या पेटीच्या तळाशी अशा रिकाम्या शिंपल्यांची रांगोळी झाली.

तेव्हा उपाय चालतो, हे मान्य केले पाहिजे. विषापेक्षा तो पुष्कळ बरा, हेही खरे. पण या शिकाऱ्याला नको असलेली गोगलगाय आणि हवी असलेली गोगलगाय यांतला फरक कळत नाही. शेजारच्यांनी हौसेने पाळलेली पिवळीधम्मक मोठी गोगलगाय अशाच तिघींनी मिळून संपवली. आपण तिला काम सांगितलेले असते, ती मात्र जेवायला आलेली असते. पेटीत हे खपून जाते, कारण पेटीला चार काचा असतात. जिथे काचा नव्हत्या तिथे काय झाले, त्याची कथा मात्र काळजाला चटका लावणारी आहे.

प्रशांत महासागरात ताहिती आणि मोओरेया ही बेटे आहेत. तिथल्या रानात झाडांच्या पानांवर ‘पार्टुला’ नावाच्या नखाएवढ्या गोगलगायी राहत. खोऱ्याखोऱ्यागणिक त्यांचे रंग आणि पट्टे बदलत. बेटांवरच्या बायका त्यांच्या शिंपल्यांचे हार करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री क्रॅम्प्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यांच्या अभ्यासासाठी ही रानेवने पालथी घातली. एका बेटावर एक जीव निरनिराळी रूपे कशी घेतो, हे त्यांच्यावरून वाचता येत होते.

१९६७ साली या बेटांवर खाण्यासाठी म्हणून आफ्रिकेची राक्षसी गोगलगाय आणली गेली. वीतभर वाढणारी आणि एका वेळी शेकड्यांनी अंडी घालणारी ही गोगलगाय लोकांच्या ताटाऐवजी शेतांत आणि परसात शिरली. पिके फस्त होऊ लागली. तेव्हा आमच्या दुकानदाराला सुचला तोच तोडगा सरकारला सुचला. अमेरिकेच्या फ्लोरिडा भागात ‘युग्लँडिना’ नावाची शिकारी गोगलगाय असते. दुसऱ्या गोगलगायीने मागे सोडलेल्या चिकट वाटेचा माग काढत ती जाते, गोगलगायीच्या मानाने चांगली वेगाने जाते, आणि झाडावरही चढते. १९५५ साली ती हवाईत सोडून झाली होती. १९७४ मध्ये ती ताहितीत सोडली, १९७७ मध्ये मोओरेयात.

वीतभर शिंपल्याच्या आफ्रिकी गोगलगायीशी झुंजण्यापेक्षा पानावर बसलेला नखाएवढा पार्टुला सोपा, हे समजायला मेंदू फारसा लागत नाही. शिकाऱ्याने सोपे तेच केले. पार्टुला एका वेळी एकच पिल्लू देतो, आणि तेही सावकाश. असा जीव हा हल्ला कसा सोसणार? १९८७ पर्यंत मोओरेयाच्या रानातून पार्टुलाच्या सातही जाती नाहीशा झाल्या. आफ्रिकी गोगलगाय मात्र टिकून राहिली.

काही पार्टुला वेळीच उचलून प्राणिसंग्रहालयांत नेले होते, म्हणून ते वाचले. तेही सगळे नाहीत. एका जातीचा अखेरचा जीव १९९६ च्या जानेवारीत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका परजीवीच्या लागणीने मेला. उरलेल्यांची प्लॅस्टिकच्या डब्यांत पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून २०१५ पासून त्यांना बेटांवर परत सोडले जात आहे. हवाईत ‘जॉर्ज’ नावाची एक गोगलगाय होती, आपल्या जातीतली शेवटची. ती १ जानेवारी २०१९ रोजी गेली. तिच्या जातीला उंदरांनी आणि जंगलतोडीनेही संपवले, पण या आणलेल्या शिकाऱ्याचा वाटा त्यात मोठा.

शत्रूच्या शत्रूला बोलावण्याची कल्पना मुळातच वाईट, असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्या माळरानांवर माजलेल्या गाजर गवतावर मेक्सिकोचा भुंगा आणला, तो १९८४ मध्ये बंगळूरला प्रथम सोडला. पण त्याआधी तो दुसरे काय खातो, याच्या चाचण्या झाल्या होत्या. तरी पुढे सूर्यफुलावर दिसल्याचा आळ त्याच्यावर आलाच, आणि पुन्हा तपासण्या कराव्या लागल्या. ताहितीत एवढीही पूसतपास झाली नाही. सगळ्या जातीच्या गोगलगायी खाणारा प्राणी, दुर्मिळ गोगलगायींनी भरलेल्या बेटावर!

ती आफ्रिकी राक्षसीण आपल्यालाही परकी नाही. मॉरिशसहून आलेल्या काही गोगलगायी १८४७ साली कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. यामागे बेन्सन नावाचा शिंपल्यांचा एक अभ्यासक होता, म्हणजे जाणता माणूस! तिचाच वंश देशभर पसरला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे कोवळ्या सोयाबीनचा तिने फडशा पाडला आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. तिथे कुणी शिकारी गोगलगाय सोडली नाही, हे नशीबच म्हणायचे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदाने रात्री शेतात टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, बांधावर चुन्याची रेघ ओढायची, असे उपाय सांगितले गेले. कंबर मोडणारे काम आहे. पण त्यात दुसरा कुठला जीव भरडला जात नाही.

आमच्या पेटीतही शेवटी तेच केले. रात्री दिवा मालवताना काकडीची चकती तळाशी ठेवायची आणि सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलायची. शिवाय मूळ कारण आमच्याच हातात सापडले. मासे बिचारे भुकेले दिसतात म्हणून घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूट टाकत होता. आजी सकाळी, कन्या शाळेतून आल्यावर, मी रात्री. मासे खातील त्याच्या तिप्पट खाऊ तळाशी जात होता. आम्ही मासे पाळत होतो की गोगलगायी, हाच प्रश्न होता! आता चिमूट एकच, आणि ती टाकण्याचा मान कन्येचा. तीळ पूर्ण गेले नाहीत, पण मोजता येतात.

इकडे हेलेनांची मात्र तिघींची संख्या अकरावर गेली. यांच्यात नर-मादी वेगळे असतात आणि पिल्ले कित्येक आठवडे वाळूतच राहतात, म्हणून लक्षात यायला उशीर झाला. मित्र म्हणाला, तळ्यात सोडून दे, जीवदानाचे पुण्य लागेल. सिंगापूरच्या उघड्या पाण्यात ही हेलेना सापडल्याची नोंद झाली आहे. ती तिथे अशाच कुणा पुण्यवंताच्या हातून पोहोचली असेल, असा मला संशय आहे. आपल्या तळ्याओढ्यांत आपल्या स्वतःच्या गोगलगायी आहेत. त्यांना कुणी विचारले नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आठ हेलेना घालून मी दुकानात गेलो. दुकानदाराने त्या मोजून घेतल्या आणि बदल्यात पाणरोपांची एक जुडी दिली. ती आता मोरीतल्या बादलीत तुरटीच्या पाण्यात ठेवली आहे. कन्या दर तासाला जाऊन पाने उलटून पाहते.