हवामान परिषदेत मतदान हवे का?

संयुक्त राष्ट्रांची पहिली हवामान परिषद १९९५ मध्ये बर्लिनला भरली, तेव्हा मतदानाचा नियम, म्हणजे नियमावलीतला ४२ वा, ठरू शकला नाही. तो आजही अधांतरी आहे. त्यामुळे १९८ सदस्यांच्या या परिषदेत मोठे निर्णय सर्वसहमतीनेच होतात.

या पद्धतीची बाजू कमकुवत नाही. उत्सर्जन कपातीचा शब्द मोडणाऱ्या देशाला दंड करणारी यंत्रणा पॅरिस कराराने उभी केलेली नाही. सारी भिस्त देशांच्या स्वतःच्या होकारावर आहे. कोळशावर वीज बनवणारा देश बहुमताने लादलेले उद्दिष्ट कितपत मनावर घेईल? शिवाय श्रीमंत देशांसमोर बसलेल्या गरीब देशाच्या हाती नकाराखेरीज फारसे काही नसते.

मात्र हाच नकार तेल विकणाऱ्यांच्याही हाती असतो. २००९ मध्ये कोपनहेगनला मूठभर देशांच्या विरोधामुळे तिथल्या समझोत्याची परिषदेने फक्त ‘नोंद’ घेतली. आणि सहमती झाली की नाही, हे ठरवतात अध्यक्ष. २०१० मध्ये कानकूनला बोलिव्हिया उघड विरोध करत असताना अध्यक्षा पॅट्रिशिया एस्पिनोसा यांनी ठराव संमत केला. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांची हवामान निधीसाठीची मागणी वर्षाला १,३०० अब्ज डॉलरची होती. २०३५ पर्यंत ३०० अब्ज गाठण्याच्या ठरावावर हातोडा पडला. आपल्याला आधी बोलू दिले नाही, असा आक्षेप भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्यानंतर नोंदवला. नकाराधिकार दुबळ्यांची ढाल आहे, हा युक्तिवाद माझ्या मते इथे लंगडा पडतो.

ओझोनसाठीच्या माँट्रियल करारात एक मधला मार्ग आहे. घातक रसायनांच्या कपातीचे वेळापत्रक बदलताना सहमतीचे सर्व प्रयत्न थकले, तर दोन तृतीयांश मतांनी निर्णय होतो. पण त्यात विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही गटांचे स्वतंत्र बहुमत लागते. हवामान परिषदेनेही हीच तरतूद स्वीकारावी, असे मला वाटते. तिने कोणाच्या तिजोरीतून पैसा बाहेर निघणार नाही, हे खरे. दुसरीकडे, एकट्यादुकट्याची अडवणूक थांबेल आणि गरीब देशांना डावलून ठराव रेटताही येणार नाही.

अडचण एवढीच, की हा नियम स्वीकारायलाही सर्वसहमतीच लागते. बाकूचा अनुभव ताजा असताना भारताने बेटराष्ट्रांना सोबत घेऊन हा प्रस्ताव मांडला, तर निदान त्याला विरोध नेमका कोणाचा आहे, हे सभागृहात नोंदले जाईल.